चौथ्या खोलीचं पाणी

आमची अव्वा भाडेकरूच्या दारात उभी राहून ‘पाणी नको’ म्हणाली, की अख्ख्या चाळीत कुजबूज सुरू व्हायची. बाहेरच्या माणसाला यातलं काय कळणार? नको तर नको, पाणीच आहे की. पण आमच्या चाळीत त्याचा अर्थ एकच होता. या घराला आता नोटीस जाणार.

अव्वा म्हणजे माझी सासू. कानडी घरात आईला अव्वा म्हणतात, पण हिला सगळं सोलापूरच अव्वा म्हणायचं. सगळं म्हणजे आमच्या गल्लीपुरतं सोलापूर. मी बार्शीकडची, मराठी शाळेत मॅट्रिक झालेली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा घरात निम्मं कानडी, अंगणापलीकडच्या चाळीत निम्मं तेलुगू, आणि भांडण लागलं की मात्र सगळे मराठीवर यायचे. पहिलं वर्ष मी नुसती मान डोलवत काढलं. अव्वा कानडीत काही म्हणाली की मी हो म्हणायचे, आणि मग कळायचं की आपण शेजारच्यांचं दळण पण निवडायला घेतलंय.

आमचं घर पुढं, मध्ये शहाबादी फरशीचं अंगण आणि पलीकडं एका रांगेत पाच खोल्या. सासरे लवकर गेले. या पाच खोल्यांच्या भाड्यावर अव्वानं एकटीनं पोराला वाढवलं, शिकवलं, आणि त्याला माझ्यासारखी बडबडी बायको पण करून दिली. त्यामुळं भाडं म्हणजे काही तिला वरकड मिळकत नव्हती. भाडं आलं की ज्वारी यायची. तरी पण ती भाडं मागायला जायची ती पाहुणी गेल्यासारखी. आंघोळ, लिंगपूजा उरकून, डोक्यावर पदर नीट घेऊन निघायची. सोमवारी कधी मागायची नाही, जेवायच्या वेळी मागायची नाही, घरात कुणी आजारी असलं तर बाहेरूनच विचारपूस करून परत फिरायची. प्रत्येक दारात पायरीवर बसायची आणि आधी पाणी मागायची. फुलपात्रभर पाणी पिऊन झालं की मग भाड्याचं निघायचं. कधी मिळायचं, कधी ‘पुढच्या आठवड्यात देते की अव्वा’ असं मिळायचं. पाणी मात्र पाचही घरचं प्यायची.

अक्कलकोटची तिची मोठी जाऊ आली की नाक मुरडायची. लिंगायताच्या बाईनं असं कुणाच्याही घरचं पाणी प्यावं का, म्हणायची. अव्वा म्हणायची, “त्यांचं भाडं चालतं आपल्याला, मग पाण्याला काय झालं?” मग जाऊबाई नुसता चहा फुंकून फुंकून प्यायच्या. मी आत तोंडाला पदर लावून हसायचे.

आता नोटिशीचं सांगते. भाडं थकलं, सांगून झालं, ओरडून झालं, तरी मिळेना, तर वकिलाकडून नोटीस द्यावीच लागायची. त्याशिवाय कोर्ट उभं करत नाही. वकील नोटीस टाइप करून द्यायचे, अव्वा खाली कानडीत सही करायची, आणि कागद रजिस्टर पोस्टानं जायचा. नोटीस मिळाल्यापासून एक महिना भाडेकरूच्या हातात. त्या महिन्यात थकलेलं सगळं भाडं आणून दिलं तर खोली त्याची राहिली. नाही दिलं तर दावा.

पण आमच्या भागातल्या लोकांची एक समजूत होती, ती कुणी केली देव जाणे. रजिस्टर घेतलंच नाही तर नोटीस लागतच नाही म्हणे. पोस्टमन गल्लीत दिसला की थकलेल्या घराचं दार बंद व्हायचं. कुणी खाटेखाली शिरायचं, कुणी मागच्या संडासात जाऊन बसायचं. एक बाई तर पोस्टमनला तोंडावर म्हणाली, मी घरात नाही. पोस्टमन बिचारा पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असं लिहून परत घेऊन जायचा, आणि इकडं हे लोक जिंकल्यासारखे खूश. अहो, नकार दिला तरी कोर्टात ती नोटीस मिळाली असंच धरतात. महिना तिथूनच सुरू होतो आणि यांना पत्ताच नाही. एके दिवशी दारात थेट कोर्टाचा बेलीफ.

दुसरा कुणी घरमालक असता तर म्हणाला असता, बरंच झालं, आयतेच अडकले. कितीतरी म्हणत होते. अव्वाला हे पटायचं नाही. ती नोटीस पोस्टात टाकायच्या आधी स्वतः जाऊन सांगायची. कागद येणार आहे, तो घे, लपू नकोस, लपून काही होत नाही, महिनाभरात पैसे आण आणि खोली राख. हे सगळं ती पायरीवर न बसता उभ्यानंच सांगायची. आणि घरातल्या बाईनं सवयीनं पाण्याचं फुलपात्र पुढं केलं की म्हणायची, “नीरु ब्याड.” पाणी नको. तेलुगू, मराठी, दखनी बोलणारी सगळी चाळ, कानडी कुणाला येवो न येवो, हे दोन शब्द बरोबर ओळखायची.

कारण अव्वाचा नेम होता. ज्या घरचं पाणी प्यायली त्या घराला त्या महिन्यात तरी ती नोटीस द्यायची नाही, आणि ज्याला नोटीस द्यायची ठरली त्याच्या घरचं पाणी तोंडात घालायची नाही. हा नेम सगळ्यांना माहीत, म्हणून तिला पाणी पाजायचे डावही लई व्हायचे. दुसऱ्या खोलीत एक शिंपी होता, जिभेचा तिखट. त्याच्यावर पाळी आली तेव्हा त्यानं ताकाचा तांब्या पुढं केला. म्हणाला, “अव्वा, पाणी नको म्हणता ते ठीक, हे तर ताक आहे.”

अव्वा म्हणाली, “मग ताकात काय घातलंस, रॉकेल?”

शिंपी हसला आणि तांब्या आत घेऊन गेला. नोटीस गेली. महिना भरायच्या आत तो भाडं घेऊन आला आणि अंगणातच उभं राहून म्हणाला, आता तरी ताक घ्याल का. तिनं घेतलं, वर मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

हा नेम कुठून आला ते तिनं मला एकदाच सांगितलं, ज्वारी पाखडताना. सासरे हयात होते तेव्हा भाड्याचं तेच बघायचे. एका घरी ते सकाळी गेले, त्या माणसानं गूळ-पाणी दिलं, हे बसून प्यायले, गप्पा मारल्या, आणि दुपारी दोन गडी घेऊन जाऊन त्याचीच भांडीकुंडी रस्त्यावर मांडली. अव्वा तेव्हा नवी सून. तिला ते बघवेना. त्या माणसाची बायको नुसती आपल्या भांड्यांतला सासऱ्यांनी पाणी प्यायलेला पेला शोधून बाजूला काढत होती. अव्वा मला म्हणाली, तुझ्या सासऱ्याला वाईट म्हणत नाही मी, भाडं थकलंच होतं, पण निदान त्या दिवशी त्यांचं पाणी तरी प्यायचं नव्हतं. एवढं बोलून ती परत सुपाला लागली. मला वाटतं, त्या दिवसापासून मी तिला मनातून मानायला लागले, वरवर भांडायचं काही सोडलं नाही.

तर आता त्या उन्हाळ्याची गोष्ट. दुष्काळाचा उन्हाळा. नळ एकाआड एक दिवस आणि तोही करंगळीएवढ्या धारेचा. विहिरी तळाला गेलेल्या. चौथ्या खोलीत एक तेलुगू जोडपं होतं. तो गिरणीत मागावर कामाला, ती घरी बिड्या वळायची. मुलगी एक, रांगती. गिरणीला टाळं लागलं आणि तो घरी बसला. सकाळी उठून कुठंतरी हमालीला जायचा, मिळाली तर मिळाली. बिडीच्या मजुरीवर घर चाललं होतं, म्हणजे पोट चाललं होतं. भाडं काही चाललं नव्हतं. महिन्यामागून महिने गेले. अव्वा दर खेपेला पाणी पिऊन परत यायची.

आणि इकडं आमचे हे. दुसऱ्याच्या पॉवरलूमवर जॉबर म्हणून राबून राबून यांचं आयुष्य चाललेलं. दुसऱ्याचे माग दुरुस्त करायचे, ग्रीसनं बरबटून घरी यायचं. स्वतःचे दोन माग बसवायचे हा एकच ध्यास. पाचवी खोली आधीच रिकामी झाली होती. चौथी मोकळी झाली, मधली भिंत पाडली, की दोन मागांची शेड तयार. मागाच्या मालकाशी बोलणी झाली होती. तो म्हणत होता, पावसाळ्याच्या आत उचला, नाहीतर दुसऱ्याला देतो. यात यांचं काय चुकलं? भाडं थकलं होतं हे खरंच होतं. मीसुद्धा यांच्याच बाजूची होते, उगाच कशाला खोटं सांगू. नवरा स्वतःच्या मागावर उभा आहे हे मलाही बघायचं होतं.

वकिलाकडून कागद आला. अव्वानं चष्मा लावून सही केली, पण रजिस्टर करू दिलं नाही. आधी मी सांगून येते म्हणाली. मग तिचं रोज काहीतरी निघायला लागलं. आज सोमवार. आज अमावास्या. आज चौथीवालीची पोर तापली आहे. कागद भिंतीतल्या देवळीत पडून. हे रोज कामावरून आले की पहिलं देवळीकडं बघायचे आणि चप्पल काढताना आपटायचे.

त्या दिवशी सकाळी मायलेकांचं वाजलं. हे म्हणाले, “अव्वा, तू तिला हाकलणार नाहीस, आणि मला कधी उभं राहू देणार नाहीस. जन्मभर लोकांच्या मागाला तेल घालू का मी?”

अव्वाच्या वर्मी लागलं ते. पोरानं एवढ्या वर्षांत तिला असं कधी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, “आज सांगून येते. उद्या टाक पोस्टात.” हे निघून गेले. ती देवापुढं जाऊन बसली ती उठेचना. मी जेवायला हाक मारली, नको म्हणाली. एरवी असल्या कामाला निघताना ती घरूनच तांब्याभर पाणी पिऊन निघायची, तिथं तहान लागायला नको म्हणून. त्या दिवशी तेही केलं नाही.

आणि गेली ती ऐन दुपारी. याचंही कारण होतं. दुपारी त्या घरचा माणूस बाहेर असायचा, पोर निजलेली असायची, आणि चाळीतली दारं उन्हामुळं बंद. एखाद्या बाईला तिची खोली जाणार हे सांगायचं, तर ते बाकीच्या तिघींच्या देखत सांगायचं नाही, एवढा तिचा विचार. तेवढ्यासाठी सत्तरीला टेकलेली बाई सोलापूरच्या उन्हात, तव्यासारख्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी निघाली. मी म्हटलं, ऊन खाली येऊ द्या. तिनं कागदाची घडी कमरेला खोचली आणि वळूनसुद्धा बघितलं नाही. मी चिडून आत गेले आणि भांडी घासायला बसले.

थोड्या वेळानं चौथीवाली धावत आमच्या स्वयंपाकघराच्या दारात. पदर सुटलेला, हाताची बोटं तंबाखूनं पिवळी, हातात रिकामा तांब्या.

“वहिनी, अव्वा पडली माझ्या दारात. पाणी द्या.”

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. मी उठले आणि ओरडलेच, “अगं मग पाजायचं की! तुझ्या घरात पाणी नाही का?”

“हाय की,” ती म्हणाली. “आमचं नको. तुमच्या माठातलं द्या. लवकर द्या.”

मला काही कळेना. माठातून तांब्या भरला आणि तिच्या आधी मी पळत सुटले. फरशीचे चटके बसले ते मला दुसऱ्या दिवशी तळव्यांवरून कळलं.

अव्वा चौथ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आडवी होती. तिचं डोकं बिडीच्या पानांच्या गोणपाटावर टेकवलेलं. डोक्यावर ओला फडका, तोंडावर पाणी शिंपडलेलं, चोळी गळ्याशी सैल केलेली, गळ्यातलं लिंग नीट छातीवर ठेवलेलं. म्हणजे चौथीवालीनं आपल्या घरचं पाणी वापरलं होतं की. कपाळाला लावलं होतं, डोळ्यांना लावलं होतं, तळव्यांवर चोळलं होतं. फक्त तोंडात घातलं नव्हतं. कोपऱ्यात तिची पितळी कळशी काठोकाठ भरलेली मला दिसत होती. बाजूला घमेल्यात पानं भिजत घातलेली. त्या पाण्याच्या टंचाईत ती कळशी तिनं कुठून आणि किती वेळ उभी राहून भरली असेल ते तिलाच माहीत.

मी अव्वाचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब थेंब पाणी ओठांत सोडलं. आधी बाहेरच आलं. मग एक घोट गेला. मग दुसरा. अव्वानं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं, खोली ओळखली आणि तोंड मिटून घेतलं. ओठ घट्ट. मग हळूच म्हणाली, “यार मनी नीरु?”

एवढ्यातून वर आल्यावर बाई पहिलं काय विचारते, तर कुणाच्या घरचं पाणी. मला हसावं का रडावं कळेना. आणि मला राग आला. खरं सांगते, दोघींचाही आला. मी म्हटलं, “आपल्याच घरचं आहे, प्या. हिच्या घरात भरलेली कळशी आहे आणि ही बाई अंगण ओलांडून माझ्याकडं पाणी मागायला आली. तेवढ्यात तुमचं काही झालं असतं तर? हिला काय म्हणायचं?” आणि चौथीवालीकडं वळून म्हटलं, “पाजलं असतंस तर तुझीच खोली राहिली असती की गं. तुला ठाऊक नव्हतं का?”

ती खाली बसली होती. अव्वाच्या कमरेचा कागद पडताना निसटून पानांत पडला होता, तो तिनं उचलून कधीच बाजूला, कोरड्यात ठेवला होता. वाचता येत नव्हतं तिला, पण तो कसला कागद आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “ठाऊक हाय की वहिनी. सगळ्या चाळीला ठाऊक हाय.” मग म्हणाली, “पण बेशुद्ध बाईकडून खोली कशी घेऊ?”

तिची पोर झोळीत चुळबुळली. तिनं बसल्या जागेवरून झोळीच्या दोरीला हिसका दिला. माझ्या मांडीवर अव्वाचं डोकं होतं, आणि तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी माझ्या लुगड्यावर पडत होतं ते मला कळत होतं. माझी ही सासू, नवऱ्याच्या मढ्यापुढंही जी लोकांसमोर रडली नाही म्हणून सांगतात. मलाच लाज वाटायला लागली होती, मी एवढं ओरडले म्हणून.

मग अव्वा कोपरावर जोर देऊन उठून बसली. मी धरायला गेले तर माझा हात बाजूला केला. पदर डोक्यावर घेतला, नीट केला. आमच्या माठातल्या पाण्याचा तांब्या अजून अर्धा होता, तो माझ्या हातात दिला आणि चौथीवालीला म्हणाली, “आता तुझ्या घरचं दे.”

ती उठेना. म्हणाली, “अव्वा, राहू दे. तुमचं डोकं ठिकाणावर नाही आता. उद्या बघा.”

“माझं डोकं मला माहीत आहे,” अव्वा म्हणाली. “दे म्हटलं ना.”

चौथीवालीनं हात धुतले. तंबाखूचा वास जाईना म्हणून परत धुतले. कळशीतून तांब्या भरला, पदरानं तांब्याचं बूड पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढं केला. अव्वानं तांब्या वर उचलून ओतून घेत पाणी प्यायलं, सावकाश, सगळं. रिकामा तांब्या परत दिला आणि म्हणाली, आणखी दे. दुसरा पण प्यायली.

आणि मग, अहो, लगेच स्वभावावर गेली. तोंड पुसत म्हणाली, “भाडं सोडलेलं नाही हं मी. एक पै सोडणार नाही. नवऱ्याला सांग, हात हलव म्हणावं.” चौथीवाली “व्हय अव्वा” म्हणाली आणि मग तोंडात पदर कोंबून रडायला लागली. अव्वानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, चल, उठव मला, पाय भाजतील, चपला आण.

संध्याकाळी हे आले. पहिली नजर देवळीकडं. कागद नव्हता, तो मी माझ्याकडंच ठेवला होता. यांना वाटलं काम झालं. खुशीत पाय धुवायला बसले. अव्वा आत पडून होती. सांगायचं माझ्यावर आलं.

मी म्हटलं, “अव्वानं तिथलं पाणी प्यायलं.”

हे तसेच पायावर पाणी घेत थांबले. म्हणाले, “घोटभर?”

“दोन तांबे.”

मग मी झालं ते सगळं सांगितलं, कळशी, रिकामा तांब्या, ती काय म्हणाली ते. मला वाटलं आता भांडी आपटतील. वकिलाचे पैसे गेले, मागाचा मालक थांबणार नव्हता. आणि यांना अव्वाचा नेम माझ्यापेक्षा जास्त माहीत, त्याच नेमावर वाढलेले. हे बराच वेळ ओल्या पायांनी मोरीत उभे राहिले. मग आत जाऊन आईच्या पायथ्याशी बसले. मी दारातून बघत होते. तिचे तळवे बघितले, भाजलेले होते, आणि मला म्हणाले, खोबरेल आण.

तेल लावता लावता म्हणाले, “माग आपल्या माजघरात बसतील. अडचण होईल थोडी.”

थोडी! दोन माग माजघरात बसले आणि आमचा संसार स्वयंपाकघरात सरकला. वर्षानुवर्षं मी त्या खटखटाटात पोळ्या लाटल्या, पोरं वाढवली, दुखणी काढली. घरात कुणाशी साधं बोलायचं तरी ओरडावं लागायचं. मला ओरडायची सवय लागली ती तेव्हापासूनची, अजून गेली नाही. भिंतीवर, डब्यांवर, पापण्यांवर सुताची कणी. मी कित्येकदा वैतागून म्हटलंय, त्या दोन तांब्यांपायी मला हे भोगावं लागतंय. पण मनापासून कधीच म्हटलं नाही. त्या दुपारी मी दोन बायका बघितल्या, एकीला खोली मोकळी करून घ्यायची होती आणि एकीला राखायची होती, आणि दोघींनी एकमेकींच्या नेमाला धक्का लावला नाही. अशी माणसं मला परत फारशी भेटली नाहीत. भेटली असती तर सांगितलं असतं.

माग चालवायला माणूस लागणार होता. यांनी शोधाशोध केल्यासारखं केलं आणि शेवटी चौथीवालीच्या नवऱ्यालाच बोलावलं. गिरणीतला हात, काम चोख. थकलेलं भाडं मजुरीतून थोडं थोडं कापून घ्यायचं ठरलं, आणि अव्वानं म्हटल्याप्रमाणे एक पै सोडली नाही.

दुपारी माग थांबले की चौथीवाली अंगण ओलांडून यायची, फडक्यात भाकरी, वर शेंगाचटणी, आणि नवऱ्यासाठी पाण्याचा तांब्या. अव्वा तोवर माजघराच्या दाराशी येऊन बसलेली असायची. ती हात पुढं करायची, तो तांब्या आधी तिच्या हातात जायचा, आणि ती तो निम्मा तरी रिकामा करायची. मग चौथीवालीचा नवरा उरलेल्या तहानेसाठी उठून आमच्या माठाकडं जायचा.